गोल गळा

देवपुरात आमच्या गल्लीला नळ आठव्या दिवशी येतो,
कधी नवव्या. आणि आमच्याकडे शॉवर आहे.
थोरल्याच्या सोयरिकीला पुण्याची माणसं येणार होती
म्हणून यांनी लावून घेतला,
भिंत फोडून, तीन दिवस मिस्त्री घरात.
पाहुणे आले, हात धुतले, चहा प्यायले, गेले.
सोयरीक दुसरीकडेच झाली.
त्याच्याखाली कोणी आंघोळ केली नाही.
बादली ती बादली, लोटा तो लोटा.

गळायचं मात्र तो शिकला.

आधी पातेलं ठेवलं. मग बादली.
रात्री दहाला ठेवलेली पहाटे पाचला काठोकाठ.
रात्रीचं पाणी कढीपत्त्याला.
दिवसाचं कुठे जातं, विचारू नका,
मी मशीनवर असते.

भिकन प्लंबरला सात फोन.
"ताई, लगीनसराई से, मी शिरपूरले से."
आठवा फोन त्याच्या बायकोनं उचलला
आणि स्वतःच्याच मोरीचं रडगाणं लावलं.

मग पलंगाखालून यांची पत्र्याची पेटी ओढली.
हे गेल्यापासून उघडली नव्हती.
पाना होता. मुठीला काळी टेप,
टेपवर त्यांच्या अंगठ्याचा खड्डा.

टाकीचा कॉक गच्चीवर बंद करायचा, हे ठाऊक होतं.
मे महिन्यात दुपारी दीडला अनवाणी जायचं नसतं,
हे राहूनच गेलं.
तळव्यांनी थेट माहेरची बोली काढली:
मरी गऊ वं माय!

टोपीखाली स्क्रू, स्क्रूखाली मूठ,
मुठीखाली क्षार,
पापडखार सांडून वर्षभर पुसला नाही असा.
लिंबू चोळलं. ते मुरेपर्यंत
बोरसेबाईंच्या ब्लाउजला हुक लावून झाले.
मग दांडा फिरला, कुरकुरत बाहेर आला.
तळाशी वायसर,
चघळून टाकलेल्या सुपारीसारखा.

सुपडूशेठनं दिलेला पहिला मोठा निघाला.
दुसरा जाड.
तिसऱ्या खेपेला त्यानं चष्म्यावरून पाहिलं:
"ताई, पानी आठ रोजमा येस,
तुम्हले शॉवर कसाले?"
मी म्हटलं, गळायला.

घरी आले. जुनी स्लीपर उलटी केली.
तीस वर्षं मी गळे कापतेय, दादा.
गोल गळा, चौकोनी, मटका, पानगळा,
पुढून बंद नि मागे डोरीचा,
एका नवरीचा इतका खोल
की सासूनं रिक्षानं परत पाठवलेला.
अर्ध्या इंचाचा गळा माझ्या हातून चुकेल?
टाचेवर कुर्त्याचं बटण ठेवलं,
खडूनं आखलं.
कातरीनं नाही, कातर रबराला ओढते.
ब्लेडनं, श्वास धरून.

पांढरी टेप गुंडाळली, बॉबिन भरावी तशी.
पाना लावताना खाली फडकं,
चकाकीला ओरखडा नको.
पुन्हा गच्ची. या वेळी पायात स्लीपर,
एक अख्खी, एक टाचेवाचून.

खाली येऊन मोरीत पाटावर बसले.
थेंब.
बराच वेळ काही नाही.
थेंब.
आणखी पाव फेरा. आणखी जरासा.
मग पोळ्या करायला उठले.

पितळेची एक चकती उरली.
कुठून निघाली, कळेना.
ती बटणांच्या डब्यात आहे.
भिकननं विचारलं तर मी नाही सांगणार.

यंदा नळ नवव्या दिवशी आला, पहाटे साडेतीनला.
पिंप भरलं, माठ भरला, टाकी भरली,
कढीपत्त्याला हातानं घातलं, त्याला आता सवय हवी.
मग दार लावून शॉवर सोडला.
आधी गंज आला,
मग नळीत अडकलेलं कालचं ऊन,
मग पाणी.
डोक्यावरून, दोन्ही हात मोकळे.
हातांचं काय करावं सुचेना.
साठपर्यंत मोजायचं ठरवलं होतं.
पंच्याऐंशीला मूठ फिरवली.

थांबला. लगेच.